ना कामगार, ना निव्वळ विद्यार्थी

दिवसा बंगळुरू किंवा चेन्नईतील सॉफ्टवेअर कंपनीत प्रणालीची चाचणी घ्यायची, संध्याकाळी विद्यापीठाचा अभ्यास करायचा, हा पदवीअंतर्गत शिकाऊ उमेदवारीचा दिनक्रम. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ही वाट प्रशस्त केली. कंपनीतील प्रशिक्षणाचे श्रेयांक पदवीत धरले जातात आणि विद्यावेतनही मिळते. घराण्यातील पहिली पदवी मिळवणाऱ्यास हा आधार मोलाचा वाटतो. परंतु २०१९ च्या नियमांनी पदवी उमेदवारांसाठी ठरवलेल्या दरमहा किमान ९,००० रुपयांत महानगरातील खोलीभाडे आणि जेवण भागवणे कठीणच.

त्याहून गंभीर प्रश्न दर्जाचा आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे कलम १८ अशा तरुणास प्रशिक्षणार्थी मानते, कामगार नव्हे. सुरक्षितता, अपघात-भरपाई यांसारखे अपवाद वगळता कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. प्रशिक्षणानंतर नोकरी देण्याचे बंधनही कलम २२ मालकावर घालत नाही. म्हणजे कमी मोबदल्याच्या बदल्यात त्याच्या पदरी पडायचे ते शिक्षणच. तेथे अनुभवी अभियंत्याने संगणकीय आज्ञावलीतील चूक समजावून दिली, तर वर्गात न मिळणारे ज्ञान लाभते. नुसती माहिती भरण्याचे काम लावले, तर श्रेयांक पोकळ ठरतात.

तेव्हा श्रेयांक देण्यापूर्वी उमेदवाराचे प्रत्यक्ष काम तपासणे, हे विद्यापीठाचे कर्तव्य ठरते. धोरणाचे यश नोंदणीच्या आकड्यांवरून नव्हे, उमेदवार काय शिकला यावरून मोजावे लागेल.