थायरॉईडचा रिपोर्ट हातात आल्यावर



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. त्या गटाच्या सचिव काकू हिशोबाला एकदम पक्क्या. दहा वर्षांत त्यांच्या वहीत खाडाखोड म्हणून दिसली नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी एकाच ताईंचा हप्ता दोनदा लिहिला आणि दुसऱ्या दोघींचा लिहायचाच राहिला. चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा, आणि पनवेलच्या त्या उकाड्यात अंगावर शाल! मी विचारलं, "काकू, थायरॉईडची गोळी चालू आहे ना?" त्या म्हणाल्या, "ती कधीच सोडली. रिपोर्ट नॉर्मल आला ना!"

तीन महिन्यांपूर्वी त्यांचा टीएसएच ३.१ आला होता. लॅबवाल्यानं पुढे काही खूण केली नव्हती, म्हणून काकूंनी समजून घेतलं की आजार गेला. ताप उतरला की क्रोसिन थांबवतो, तसं. पुन्हा तपासलं तेव्हा टीएसएचच्या जागी "१०० पेक्षा जास्त" असं छापून आलं.

मी डॉक्टर नाही, गटांचं काम बघणारी बाई आहे. पण धाकट्याच्या बाळंतपणापासून मी स्वतः ही गोळी घेते, आणि गटातल्या बायकांचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे इतक्या खेपा घातल्या आहेत की त्या कागदावरचे आकडे काय बोलतात ते थोडं समजायला लागलंय. आज तेवढंच सांगते. गोळी किती घ्यायची, वाढवायची की कमी करायची, ते तुमचे डॉक्टरच ठरवतील.

आधी टीएसएच म्हणजे काय ते बघू. आपल्या गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. ती टी-फोर आणि थोडं टी-थ्री नावाचं द्रव्य तयार करते. शरीराची चूल किती मोठी ठेवायची ते या द्रव्यावर ठरतं. ते कमी पडलं की थंडी वाजते, बद्धकोष्ठ होतं, केस गळतात, पाळीत अंगावरून जास्त जातं, वजन थोडं वाढतं, डोकं जड राहतं. टीएसएच मात्र थायरॉईडमधून येत नाही. ते येतं मेंदूच्या खाली असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून. ती थायरॉईडला हाक मारते, "ऊठ, कामाला लाग."

सकाळी शाळेच्या वेळेला आई पोराला उठवते तसंच हे आहे. पोरगं टुणकन उठलं तर आईचा आवाज शेजारी जात नाही. उठत नसेल तर आवाज चढत जातो, सगळ्या चाळीला ऐकू येतो. टीएसएच म्हणजे आईचा आवाज. म्हणून थायरॉईड मंद असेल तर टीएसएच वाढलेला दिसतो. खूप बायकांचा इथेच घोळ होतो. "माझा थायरॉईड वाढलाय" असं त्या म्हणतात. वाढलेला असतो तो टीएसएच, थायरॉईडचं काम उलट कमी झालेलं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा रिपोर्ट समजला.

आता काकूंचं बघा. गोळीतून बाहेरून टी-फोर मिळत होतं, म्हणून हाक मारायची गरज उरली नव्हती आणि टीएसएच ३.१ आला होता. रिपोर्ट नॉर्मल होता तो गोळीमुळे. गोळी सोडल्यावर लगेच त्रास झाला असता तर काकूंना कळलंही असतं. पण टी-फोर शरीरात हळूहळू संपतं, निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे पहिला आठवडा-पंधरवडा काहीच जाणवत नाही. माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवाय चाललंय की!

याच कारणानं डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून मगच रक्त तपासतात. पोरगं उठून तोंड धुवायला गेलं तरी आईची कुरकुर काही वेळ चालूच असते ना? टीएसएच तसाच मागून खाली येतो. पंधरा दिवसांत तपासलं तर पैसे जातात आणि उगाच घाबरायला होतं. डोस एकदा बसला की मग सहा महिन्यांनी किंवा वर्षानं तपासणी पुरते.

बहुतेक लॅबच्या कागदावर टीएसएचची मर्यादा साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ अशी असते. काही ठिकाणी ५.५ पर्यंत लिहितात, कारण प्रत्येक लॅबचं यंत्र आणि किट वेगळं असतं. म्हणून शेजारणीच्या रिपोर्टशी आपला ताडून बघण्यात अर्थ नाही, आणि जमेल तितकं एकाच लॅबमध्ये जावं. फ्री टी-फोरच्या बाबतीत तर एकक बघायलाच हवं. आमच्या एका ताईंचा फ्री टी-फोर एका लॅबमध्ये १.२ होता. पुढच्या वेळी दुसऱ्या लॅबमध्ये १५.४ आला. रात्रभर झोपल्या नाहीत बिचाऱ्या. सकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले, तर पहिल्यावर नॅनोग्रॅम पर डेसिलिटर होतं आणि दुसऱ्यावर पिकोमोल पर लिटर. पहिल्या आकड्याला १२.८७ नं गुणलं की दुसरा मिळतो. म्हणजे ताईंचा आकडा तसूभरही हलला नव्हता. तोळ्यात आणि ग्रॅममध्ये सोनं मोजावं तसं.

थोडं विषय सोडून सांगते. रक्तातली इतकी बारीक मात्रा मोजता येते ती एका बाईमुळे. अमेरिकेतल्या रोझलिन यालो यांनी आपले सहकारी बर्सन यांच्याबरोबर ही मोजायची पद्धत शोधली आणि १९७७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्या शेजारच्या वाशीतल्या ब्रिट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेनंही टी-थ्री, टी-फोर, टीएसएच मोजायचे किट बनवून पुरवले. आता बऱ्याच लॅबमध्ये त्याहून नवी यंत्रं आलीत.

टी-थ्री, टी-फोर, टीएसएच असं तिन्हींचं पॅकेज शिबिरात करतात. गोळी चालू असलेल्या बाईला बहुतेक वेळा टीएसएच पुरतो, फार तर सोबत फ्री टी-फोर. टी-थ्रीचा गोळीचा डोस ठरवायला फारसा उपयोग होत नाही, कारण आजार बराच वाढला तरी तो नॉर्मल राहू शकतो. नुसतं टी-फोर, म्हणजे "टोटल", गरोदरपणात किंवा माला-डीसारख्या गोळ्या चालू असताना वाढलेलं दिसतं, म्हणून "फ्री" बरं. अँटी-टीपीओ नावाची महागडी तपासणी कारण शोधायला एकदा केली तर ठीक. ती दर वेळी करून डोस ठरत नाही.

कारणाचा विषय निघाला की बायका मिठाचं विचारतात. आपल्याकडे उरण-पेणच्या मिठागरांचं खडेमीठ लोणच्याला, सुकटीला वापरायची पद्धत आहे, तर त्यामुळे हे झालं का? आयोडीन कमी पडून गळगंड होतो हे खरं. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग झाला आणि १९६२ मध्ये देशाचा गळगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. रोजच्या जेवणात आयोडीनचंच मीठ हवं. पण आज आपल्याकडे मोठ्या माणसांत दिसणाऱ्या मंद थायरॉईडचं मुख्य कारण वेगळं आहे. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच चुकून ग्रंथीवर हल्ला करते. जपानच्या हाशिमोटो या डॉक्टरांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव त्या आजाराला आहे. ते मीठ वाढवून बरं होत नाही. आणि हे काही तुमच्या एकटीच्या नशिबी आलेलं नाही. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत मोठ्या माणसांची पाहणी झाली, तिचे आकडे २०१३ मध्ये आले. त्यात साधारण ११ टक्के लोकांचा थायरॉईड मंद निघाला, आणि त्यातल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याला ते आधी माहीतच नव्हतं.

आता मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते सांगते. कधीकधी कागदावर विचित्र जोडी येते: फ्री टी-फोर नॉर्मल, किंबहुना जरा वरच, आणि टीएसएच मात्र १८. गोळी तर चालू आहे, मग हाक का चालू आहे? आमच्या एका ताईंचं असंच यायचं. डॉक्टरांनी ५० चे ७५ केले, मग १००. खरी गोष्ट अशी होती की महिनाभर त्या गोळी घेतली तर घेतली अशा घ्यायच्या आणि तपासणीच्या आधी आठ दिवस नेमानं घ्यायच्या, परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करावा तशा. टी-फोर तेवढ्यात भरून यायचं, टीएसएच खरं सांगून टाकायचा. पुढे मुलीनं रोज आठवणीनं गोळी द्यायला सुरुवात केली आणि १०० चा डोस खरोखर अंगात गेला. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप नाही. टीएसएच ०.०५ वर आला. इतका कमी टीएसएच चांगला नाही. हृदयाचे ठोके बिघडतात आणि पाळी गेलेल्या बायकांची हाडं झिजतात. डॉक्टरांना "गोळ्या चुकतात" हे सांगायची लाज वाटली, त्यातून एवढं घडलं. गोळी चुकली तर चुकली म्हणून सांगा, बायांनो. डॉक्टर तुमच्या शब्दावर डोस ठरवतात.

गोळी रोज घेऊनही टीएसएच खाली येत नसेल तर ती कशाबरोबर घेता ते बघा. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहाच्या निदान अर्धा तास आधी, तास मिळाला तर उत्तम. लोहाची, कॅल्शियमची गोळी आणि ॲसिडिटीचं औषध यांच्यात चार तासांचं अंतर हवं, नाहीतर ती थायरॉईडची गोळी आतड्यातच अडवून ठेवतात. तपासणीच्या दिवशी रक्त आधी द्या, गोळी नंतर घ्या. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो, म्हणून दर वेळी साधारण एकाच वेळेला जा.

आणि केसांच्या गोळ्या! थायरॉईडमुळे केस गळतात, म्हणून बाई मेडिकलमधून केस-नखांसाठी बायोटिनची गोळी आणते. ते बायोटिन कित्येक यंत्रांना फसवतं. टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटं जास्त दिसतं. मग कोणी डोस कमी केला की केस आणखी गळतात. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी ती बंद ठेवा आणि लॅबमध्ये, डॉक्टरांना सांगा.

टीएसएच ६ किंवा ७ आला आणि फ्री टी-फोर नॉर्मल असेल तर लगेच आयुष्यभराची गोळी लागलीच असं नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघतात, बऱ्याच जणींचा आपोआप उतरतो. सत्तरीतल्या सासूबाईंचा थोडा जास्त असणं वयाला धरूनही असतं. १० च्या वर गेला की बहुतेक डॉक्टर गोळी सुरू करतात.

एक अपवाद माहीत असू द्या. बाळंतपणात खूप रक्त गेलं, नंतर दूध आलं नाही, पाळीही परतली नाही, अशी बाई असेल तर हाक मारणारी पिट्युटरीच अशक्त झालेली असू शकते. तिचा टीएसएच नॉर्मल दिसेल आणि फ्री टी-फोर कमी. तिथे नुसत्या टीएसएचवर विसंबून चालत नाही. डॉक्टरांना बाळंतपणाची हकीकत सांगायलाच हवी.

गरोदरपणाचं मात्र नीट ऐका. पहिले तीन महिने बाळाची थायरॉईड ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं टी-फोर आईकडूनच येतं. म्हणून दिवस गेल्याचं कळताच डोस साधारण पाव हिस्सा किंवा थोडा जास्त वाढवावा लागतो आणि पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच बघतात. तो २.५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. आणि आपल्याकडे पद्धत काय? तीन महिने कोणाला सांगायचं नाही! शेजारी सांगू नका, माहेरी सांगू नका, पण डॉक्टरांना आणि आशाताईंना त्याच आठवड्यात सांगा. गोळी बाळाला बाधेल म्हणून बंद करणाऱ्या सुना मी पाहिल्या आहेत. ही गोळी म्हणजे शरीरात मुळातच असणारं द्रव्य आहे. ती बंद ठेवण्यातच धोका आहे. आरोग्य केंद्रातून लोह-कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात त्याही घ्यायच्या. पहाटे थायरॉईडची, दुपारी जेवणानंतर कॅल्शियम, रात्री लोहाची, असं ठेवलं की भांडण होत नाही.

खर्चाचं म्हणाल तर सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात जाताना टीएसएच कोणत्या दिवशी घेतात ते आधी विचारून जा, म्हणजे मजुरी बुडवून खेप वाया जाणार नाही.

आमच्या गटांत आता एक वही केली आहे. तारीख, लॅबचं नाव, टीएसएच, फ्री टी-फोर एककासकट, त्या वेळी चालू असलेला डोस, आणि शेवटच्या रकान्यात महिन्यात किती गोळ्या चुकल्या. ती वही सचिव काकूच लिहितात. त्यांचा मागच्या महिन्यातला टीएसएच २.८ आहे, आणि शेवटच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्याच हातानं "एक चुकली, लग्नाला गेले होते" असं लिहिलंय.