आठ पिल्लांची ९६ वर्षं

कुत्री दीड-दोन वर्षांची झाली की घरात एक विषय हमखास निघतो. 'एकदा तरी हिला पिल्लं होऊ द्यावीत.' कुणी हे तिच्या सुखासाठी म्हणतं, कुणी तिची आठवण मागे राहावी म्हणून, कुणी मुलांना जन्म कसा होतो ते बघायला मिळावं म्हणून. संध्याकाळी फिरवताना ओळखीच्या झालेल्या एखाद्या लॅब्रेडोर नराचे मालक 'आपण क्रॉसिंग करून घेऊ, एक पिल्लू मला द्या' असं सुचवतात आणि बेत पक्काही होतो. यात कुणाच्या मनात वाईट नसतं. पण या सगळ्या बोलण्यात कुत्री असते, मालक असतात, मुलं असतात. जन्माला येणाऱ्या पिल्लांचं मात्र कुणी बोलत नाही. लॅब्रेडोरला एका वेताला सहा ते आठ पिल्लं होणं नेहमीचं आहे. कुत्र्याचं आयुष्य सरासरी बारा वर्षांचं धरलं, तर आठ पिल्लं म्हणजे ९६ वर्षांचं खाणं, लशी, फिरवणं, आजारपण आणि म्हातारपण. ही वर्षं कोण देणार याचं उत्तर ज्याच्यापाशी क्रॉसिंगच्या आधी तयार नाही, त्याने पिल्लं होऊ देऊ नयेत. आणि ज्याला घरात आणखी एक कुत्रा हवा आहे, त्याने तो दत्तक आणावा. माझं म्हणणं एवढंच आहे, पण त्याच्या आड येणारे समज बरेच आहेत आणि त्यांतले काही अगदीच निराधार नाहीत.

सगळ्यांत घट्ट बसलेला समज म्हणजे, आई होणं ही कुत्रीची गरज आहे. तसं वाटायला लावणारं काहीतरी खरोखर दिसतंही. माज येऊन गेल्यावर दीड-दोन महिन्यांनी काही कुत्र्या चादर ओढून कोपऱ्यात जागा करतात, एखादं मऊ खेळणं पोटाशी घेऊन बसतात, कुणी हात लावला तर गुरगुरतात. कधी कधी त्यांना दूधही येतं. नर जवळपास फिरकलेला नसतानाही हे घडतं. बघणाऱ्याला वाटतं, बिचारीला पिल्लांची आस लागली. पण कुत्रीच्या शरीराचं चक्रच तसं आहे. माज ओसरल्यावर, गर्भ राहो अगर न राहो, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तिच्या रक्तात साधारण दोन महिने चढं राहतं. ते उतरलं की दुधाशी संबंधित असलेलं प्रोलॅक्टिन वाढतं आणि शरीर पिल्लं झाल्यासारखं वागू लागतं. पशुवैद्यक याला खोटी गर्भावस्था म्हणतात. बहुतेकदा ती दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरते. एकदा पिल्लं झाली म्हणून हा प्रकार कायमचा थांबतो असंही नाही. पुढच्या माजानंतर तो पुन्हा होऊ शकतो. आई न झाल्याची खंत ही माणसाच्या मनातली गोष्ट आहे. कुत्रीवर आपला जीव असतो, म्हणून आपण ती तिच्या मनात असल्याचं धरून चालतो. नराबद्दलही 'एकदा झालं की शांत होईल' असं सांगितलं जातं. एका क्रॉसिंगने नर शांत होतो असा काही नियम नाही. शेजारची मादी माजावर आली की त्याची ओढ आणि धडपड तशीच राहते.

आता तब्येतीचा मुद्दा. माजानंतर दोन महिने चढं राहणारं हेच प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचं अस्तर जाड करतं. वर्षातून साधारण दोनदा, वर्षानुवर्षं हे होत राहिलं की तिथे जंतुसंसर्ग व्हायला जागा मिळते आणि गर्भाशयात पू भरतो. हा आजार म्हणजे पायोमेट्रा. स्वीडनमध्ये पाळीव कुत्र्यांचा विमा काढण्याची पद्धत मोठी आहे. तिथल्या नोंदी तपासल्यावर असं दिसलं, की निर्बीजीकरण न केलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे चारांतल्या एकीला वयाच्या दहा वर्षांपर्यंत हा आजार होतो. माज येऊन महिना-दोन महिने झालेत, कुत्री फार पाणी पिते आहे, खात नाही, मलूल पडून आहे, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. पू बाहेर न येताही आतल्या आत विष भिनत असतं आणि बहुतेक वेळा तातडीने गर्भाशय काढून टाकावं लागतं. स्तनांच्या गाठींचंही असंच. १९६९ च्या एका अमेरिकी अभ्यासाने पहिल्या माजाआधी निर्बीजीकरण केलं तर हा धोका जवळपास नाहीसा होतो असा आकडा दिला आणि तो पुढे सगळीकडे सांगितला गेला. २०१२ मध्ये त्या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा पुरावा वाटला होता तितका भक्कम नसल्याचं दिसलं. निर्बीजीकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वजन वाढतं, काही माद्यांना उतारवयात लघवी धरवत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांना गोल्डन रिट्रीव्हरसारख्या काही जातींमध्ये फार लवकर शस्त्रक्रिया केल्यास सांध्यांचे विकार वाढलेले आढळले. म्हणून शस्त्रक्रिया कोणत्या वयात करायची हे जात, आकार आणि तब्येत पाहून आपल्या पशुवैद्यकाला ठरवू द्यावं. पण 'आधी एक वेत होऊ दे, मग बघू' या वाक्याला यांतल्या कुठल्याच अभ्यासाचा आधार मिळत नाही.

पिल्लं होऊ द्यायचीच असं ठरवलं, तर ते काम किती मोठं आहे हे आधी समजून घ्यायला हवं. दोन्ही कुत्र्यांची ब्रुसेला या जंतूसाठी तपासणी लागते. नर भटक्या माद्यांमध्ये वावरलेला असेल तर संभोगातून पसरणारी जननेंद्रियावरची गाठ आपल्याकडे पुष्कळ दिसते. लॅब्रेडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष पिढीजात उतरतो, आणि त्याची पक्की खात्री एक्स-रे काढून साधारण दोन वर्षांच्या वयातच करता येते. 'डबल बोन आहे, पेपर्स आहेत' या शब्दांनी ही तपासणी भागत नाही. पेपर्स वंशावळ सांगतात, सांधे कसे आहेत ते सांगत नाहीत. मग सुमारे ६३ दिवसांचं गाभणपण. बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग या जातींचं डोकं एवढं मोठं आणि कंबर एवढी अरुंद झाली आहे, की ब्रिटनमधल्या पाहणीत त्यांच्या ८० टक्क्यांहून अधिक वेतांमध्ये सिझेरियन करावं लागल्याचं नोंदलं गेलं. लहान चणीच्या कुत्रीला पिल्लं जास्त झाली, तर दूध पाजताना रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरून झटके येऊ शकतात. नवजात पिल्लांना स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही; आईने पाजलं नाही तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, बाटली द्यावी लागते. सुट्टी न मिळणाऱ्या घराने हा विचार फार आधी करायला हवा.

आणि मग मूळ प्रश्न, घरांचा. क्रॉसिंगच्या आधी 'आम्हाला एक ठेवा' म्हणणारे पाच-सहा जण असतात. पिल्लं दोन महिन्यांची होऊन चपला चावायला आणि घरभर मुतायला लागतात, तेव्हा त्यांतल्या कुणाची बदली झालेली असते, कुणाच्या घरमालकाने नकार दिलेला असतो, कुणाला फक्त नरच हवा असतो. पहिली दोन-तीन पिल्लं सहज जातात. उरलेली मग 'कुणीही न्या' या भावाने जातात आणि त्यांतलं एखादं फार्महाऊसच्या फाटकाशी साखळीला जन्म काढतं. ते माजावर आलं, तर पुढचं वेत कुणाच्या हिशेबात धरायचं? खर्च विक्रीतून भरून काढू असं कुणी म्हणेल, तर तिथे कायदा आहे. २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार विक्रीसाठी पिल्लं काढणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मादी १८ महिन्यांची होण्याआधी किंवा ८ वर्षांची झाल्यावर तिला यासाठी वापरता येत नाही. वर्षाला एकाहून अधिक आणि आयुष्यात पाचाहून अधिक वेतं घेता येत नाहीत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. सदनिकेतल्या बाल्कनीत पिल्लं वाढवून पंचेचाळिसाव्या दिवशी विकणारा माणूस या नियमांच्या बाहेरच असतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो. ज्याला लॅब्रेडोरच हवा आहे, तो लॅब्रेडोर मिळाला नाही म्हणून गावठी कुत्रा थोडाच घेणार? मग आमच्या पिल्लांमुळे रस्त्यावरच्या कुत्र्याचं घर गेलं असं कसं म्हणता? हे काही प्रमाणात खरं आहे. पिल्लू आणि दत्तक कुत्रा यांचा हिशेब एकास एक बसत नाही. पण जातिवंत कुत्रा हवा म्हणण्यामागचं कारण विचारलं, तर उत्तर बहुधा स्वभावाचं येतं. लॅब प्रेमळ, शेफर्ड राखणीचा. २०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात अमेरिकी संशोधकांनी १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांची पाहणी आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुक तपासून निष्कर्ष मांडला, की एखाद्या कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीने उलगडतो तो साधारण नऊ टक्के भाग. बाकी सगळं त्या एका कुत्र्याचं आणि त्याच्या वाढीचं असतं. स्वभावाची खात्रीच हवी असेल तर दोन-तीन वर्षांचा, वाढ पुरी झालेला कुत्रा दत्तक घेणं जास्त शहाणपणाचं आहे. त्याचा स्वभाव समोर दिसत असतो. दुसरं कारण दिसण्याचं असतं, आणि ते किती महाग पडतं हे पगने दाखवून दिलं आहे. २००३ मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे जाणारा पग आला आणि देशभर पगला मागणी आली. त्याच पगबद्दल लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००८ मध्ये सांगितलं, की ब्रिटनमधल्या सुमारे दहा हजार पगांमधली जनुकीय विविधता जेमतेम ५० कुत्र्यांइतकी आहे. त्या चपट्या नाकाने धड श्वास घेता येत नाही. नागपूरच्या किंवा जळगावच्या मे महिन्यात अशा कुत्र्याचा प्रत्येक श्वास कष्टाचा असतो, आणि आपल्या हौसेसाठी तशी आणखी सहा पिल्लं जन्माला घालायला मला काहीही समर्थन सापडत नाही.

प्रजननालाच माझा विरोध आहे असं मात्र नाही. मराठवाड्यातला कारवानी, बागलकोटकडचा मुधोळ हे आपल्या कोरड्या, उष्ण मुलखात घडलेले शिकारी कुत्रे आहेत. मुधोळवर २००५ मध्ये टपाल तिकीटही निघालं. असे वंश टिकवायचे तर कुणीतरी जाणकाराने नर-मादी पारखून, नात्यातली जोडी टाळून, नोंदी ठेवून पिल्लं काढलीच पाहिजेत. ते काम करणारा माणूस पिल्लू देताना घर तपासतो आणि नको झालेलं पिल्लू परत घेतो. प्रत्येक ब्रीडरला हीच कसोटी लावावी. 'हा कुत्रा दहा वर्षांनी परत आणला तर घ्याल का?' असं विचारावं आणि उत्तर ऐकून ठरवावं.

दत्तक कुत्रा म्हणजे सगळं सोपं, असंही मी सांगणार नाही. मार खाल्लेला कुत्रा हात उचलला तरी दबकतो. रस्त्यावर वाढलेल्याला पट्ट्याची, लिफ्टची, बंद दाराची सवय व्हायला महिने लागतात. पिल्लू तीन ते बारा-चौदा आठवड्यांचं असताना माणसांत वावरलं नसेल, तर तो बुजरेपणा पुरता जाईलच असं नाही. पण या अडचणी एका कुत्र्याच्या आहेत आणि एक घर त्या पेलू शकतं. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली, त्यांतली पावणेतेरा लाखांच्या आसपास महाराष्ट्रात. दत्तक घेऊन हा आकडा संपणार नाही. त्यासाठी नगरपालिकांनी निर्बीजीकरण आणि रेबीजची लस यांत सातत्य ठेवायला हवं. दत्तक घेण्याचा रस्ता मात्र उघडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, नागरिकांना स्थानिक पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेता येईल आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची राहील, असं नमूद केलं.

पावसाळा सरून थंडी पडू लागते तेव्हा आपल्याकडे गल्लोगल्ली, पार्किंगमध्ये, बांधकामाच्या वाळूत कुत्र्या व्यालेल्या दिसतात. कोलकात्याच्या आयसर संस्थेच्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या अशा ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं. सात महिन्यांची होईपर्यंत त्यांतली १९ टक्केच जगली, आणि निम्म्याहून अधिक मृत्यूंमध्ये कुठे ना कुठे माणसाचा हात होता; गाडीखाली येणं, विष, पळवून नेणं. घरात पिल्लू हवं असेल तर या थंडीत आधी तिथे बघा. आठ आठवडे ते आईपाशीच राहू द्या, मग घरी आणा, लशी सुरू करा. आणि पिल्लू नेल्यावर त्याच्या आईला विसरू नका. तिला निर्बीजीकरणाला नेणारी गाडी बोलवा आणि ती गाडीत चढेपर्यंत तिथे उभे राहा.