धुतलेली गाडी आणि टिकलेले गिऱ्हाईक

मोटार धुण्याच्या धंद्यावर व्याख्यान, हे ऐकून काही श्रोत्यांना हसू आले असेल. पण शांती नगरात एका गाडीपुरता गाळा भाड्याने घेऊन, कर्ज काढून हा धंदा मांडणाऱ्या तरुणाला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. पहिल्या महिन्यात ओळखीचे लोक येतात; दुसऱ्या महिन्यात ओळखी संपतात, भाडे मात्र संपत नाही. तेथून पुढे त्याने काय करावे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

या कामाला हल्ली 'डिटेलिंग' म्हणतात. ते नुसते धुणे नव्हे; गाडीचा रंग, काच, चाके, आतील बैठक यांची कसून केलेली निगा होय. त्यातही रंगाची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर रंगाचे तीन-चार थर असतात. सर्वांत वरचा पारदर्शक थर, ज्याला कारागीर 'क्लिअर कोट' म्हणतात, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक असतो. गाडीची सारी चमक या थराची. पॉलिश म्हणजे वरून काहीतरी लावणे, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः पॉलिश म्हणजे हा थर हलक्या हाताने घासून सपाट करणे. दर वेळी तो थोडा झिजतोच. हा खर्च व्याजातून होत नाही, मुद्दलातून होतो.

आता आपल्या मिरा-भाईंदरकडे पाहा. बाजूला खाडी आणि मिठागरे, भोवती बांधकामाची धूळ, आणि शांती नगरच्या जुन्या इमारतींत गाड्या बहुधा उघड्यावर, कबुतरांच्या कृपाछत्राखाली उभ्या. त्यात पाण्याची ओढ. टँकरचे किंवा बोअरचे पाणी पुष्कळदा क्षारयुक्त असते. अशा पाण्याने गाडी धुऊन ती उन्हात तशीच वाळू दिली, की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. तेच बॉनेटवरचे पांढरे ठिपके. ताजे असतील तर सौम्य आम्लाने निघतात. उन्हात भाजून थरात रुतले, तर पॉलिशवाचून गती नाही.

हे मी पैसे मोजून शिकलो. एका दुकानात (नाव सांगण्याचे कारण नाही) माझ्या गाडीला सिरॅमिक कोटिंग केले आणि 'तीन वर्षे बघायला नको' असे आश्वासन दिले. वर्षाच्या आत ठिपके दिसू लागले. विचारावयास गेलो, तर 'तुमची धुण्याची पद्धत चुकली' असे उत्तर मिळाले. ते उत्तर खरे होते! सिरॅमिकचा लेप काही मायक्रॉनचाच. त्याने पाणी ओघळते, मळ लवकर सुटतो, पण क्षारांचे डाग किंवा खड्यांचे ओरखडे तो सर्वस्वी अडवीत नाही. मात्र हे खरे उत्तर मला पैसे देण्यापूर्वी मिळावयास हवे होते. पुन्हा त्या दुकानाची पायरी मी चढलो नाही, आणि इमारतीतील चौघांना चढू दिली नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दंड आहे. पण लहान दुकानदाराला कायद्याआधी जिन्यातली चर्चा गाठते.

गिऱ्हाइकाचा चुकीचा समज ही जुनीच अडचण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे ते लोखंडी नांगराकडे वळले, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असे शेतकरी मानीत आणि नांगर पडून राहत. आपल्या गिऱ्हाइकाचा समज उलट्या दिशेचा आहे: जितके घासाल तितके चांगले. तो शब्दांनी जावयाचा नाही. बॉनेटवर विजेरी धरून कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दाखवावेत. मधोमध चिकटपट्टी लावून एकच बाजू पॉलिश करावी. आणि थराची जाडी मोजण्याचे यंत्र परवडत असेल, तर आकडा मालकाला वाचावयास लावावा. थर पातळ झालेला दिसला, तर 'साहेब, यंदा पॉलिश नको, नुसते वॅक्स करू' असे सांगावे. त्या दिवशी काही हजार रुपये बुडतात. पण माझ्या मते दुकानाची खरी जाहिरात तेव्हाच होते.

आकडा, तारीख, काय केले, काय केले नाही आणि का, हे गाडीच्या नंबराखाली वहीत उतरवावे. सहा महिन्यांनी 'मागच्या खेपेला डाव्या दारावरचा ओरखडा खोल म्हणून सोडला होता' असे कोणी म्हणाले, की ते गिऱ्हाईक सहसा दुसरीकडे जात नाही.

रोज सकाळी बादली-फडके घेऊन सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या माणसाला पुष्कळ दुकानदार वैरी मानतात. ही मोठी चूक आहे. गोल ओरखडे बहुधा त्याच्याच धुळकट फडक्याचे, हे खरे. पण त्याचा महिन्याचा रोजगार त्या गाड्यांवर आहे, आणि मालकाचा त्याच्यावर आपल्यापेक्षा जुना विश्वास आहे. त्याला दोन मायक्रोफायबरची फडकी द्यावीत, चाकांचे फडके वेगळे ठेवावयास सांगावे, कोरडी धूळ पुसण्याआधी पाण्याने ती सोडवावयास शिकवावे. मालकापुढे त्याची निंदा तर कधीच करू नये. कोणत्या गाडीवर डाग पडला, ते सर्वांत आधी त्याला दिसते. तो तुमचे नाव घेईल की दुसऱ्याचे, हे तुमच्या वागणुकीवर आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांनाच गाडी हवी असते. दिवसाला सहा गाड्या नीट होत असतील, तर सातवीला नाही म्हणावे आणि दसऱ्यानंतरचा दिवस द्यावा. तेव्हा काम असतेच: बॉनेटवरची हळद-कुंकू उन्हात पक्की होण्याआधी काढावयाची असते, आणि झेंडूच्या हाराचा दोरा वाऱ्याने घासून उमटलेल्या रेघा पाहावयाच्या असतात. पावसाळ्यात मात्र गाळा ओस पडतो. तेव्हा आतील बैठकींची बुरशी, दारांच्या रबराखाली साचलेला चिखल, पाणी निघावयाची बुजलेली भोके, ही कामे आहेत. ती न दिसणारी म्हणून मालकाच्या ध्यानी येत नाहीत. जूनच्या आरंभी वही उघडून एकेकाला फोन करावा.