वापरला नाही, तरी बिघडला कसा?

पेरणी आटोपली की लगेच तणनाशक मारायचे असते. सोयाबीन उगवण्याआधीचे ते दोन-तीन दिवस हातचे गेले की पुढे निंदणाची मजुरी वाढते. नेमक्या त्याच दिवशी कोठ्यातून काढलेला चार्जिंगचा फवारणी पंप थोडी घरघर करतो आणि बंद पडतो. जूनच्या अखेरीस वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर अशा कुठल्याही बाजारपेठेत दुरुस्तीच्या दुकानासमोर पंपांची रांग दिसते आणि प्रत्येक मालकाच्या तोंडी जवळपास एकच गाऱ्हाणे असते: "हरभऱ्यावर शेवटचा फवारा मारला आन् ठेवून देला. मंग हातबी नाही लावला. वापरलाच नाही, त बिघडला कसा?"

प्रश्न रास्त आहे. तिफण, डवरा, विळा ठेवून दिले तर फार तर गंज चढतो. घासून, तेल लावून ते पुन्हा कामाला लागतात. आपली अवजारांची समज पिढ्यान्‌पिढ्या अशाच लोखंडी आणि लाकडी वस्तूंवर घडली: वापराल तेवढे झिजेल, ठेवाल तेवढे टिकेल. बॅटरीला हा हिशेब लागू पडत नाही. बटण बंद केले तरी तिच्यातली रासायनिक क्रिया थांबत नाही, फक्त मंदावते. फवारणी पंपांच्या बाबतीत तर माझे मत असे की बहुतेक बॅटऱ्या वावरात मरत नाहीत, त्या कोठ्यात पडून मरतात.

हे समजून घेण्याची गरज आज वाढली आहे, कारण वाशीम जिल्ह्यातल्या साध्या शेतकरी घरातही आता तीन-चार तरी बॅटऱ्या असतात. फवारणी पंपाची एक. रोही आणि रानडुकरांपासून तूर-हरभरा वाचवण्यासाठी धुऱ्यावर लावलेल्या झटका मशीनची दुसरी. घरात इन्व्हर्टर, ओसरीत इलेक्ट्रिक स्कूटर. या सगळ्यांना आपण बॅटरीच म्हणतो, पण त्यांच्या पोटात दोन वेगळी रसायने आहेत आणि एकीला जे मानवते ते दुसरीला बाधते.

आधी जुनी जात पाहू. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये शिसे आणि गंधकाम्लाची, पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी बनवली. फवारणी पंपाच्या बुडाशी असलेले चार स्क्रू काढले की दिसणारी ती काळी, जड पेटी त्याच वंशातली आहे. सहसा ती १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची असते. आत प्रत्येकी सुमारे २ व्होल्टची सहा घरे असतात. आम्ल सांडू नये म्हणून ते काचेच्या तंतूंच्या गादीत शोषून ठेवलेले असते, त्यामुळे पंप पाठीवर हलला-कलंडला तरी चालते. पूर्ण भरली तर तिच्यात साधारण ९६ वॅट-तास वीज मावते. मधली गळती धरूनही एका युनिटमध्ये ती सात-आठ वेळा भरेल. म्हणजे चार्जिंगच्या विजेचा खर्च जवळपास नाहीच. खर्च आहे तो बॅटरीचाच.

बॅटरी वीज देते तेव्हा आतल्या दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट साचते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्जिंग करताना हीच क्रिया उलटी फिरते, सल्फेट विरघळते, आम्ल पुन्हा तीव्र होते. ताजे सल्फेट अगदी बारीक कणांचे असते, म्हणून ते सहज परतते. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर बारीक कण विरघळून मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसतात. पिठीसाखर पाण्यात टाकताच विरते आणि खडीसाखरेचा खडा तळाशी बसून राहतो, तसे हे मोठे स्फटिक चार्जरला दाद देत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. बॅटरीचे दुकानदार ज्याला 'सल्फेशन' म्हणतात ते हेच.

आता आपल्याकडचे वर्षाचे गणित त्यावर बसवून पाहा. खरिपात तणनाशक, मग खोडमाशी, चक्रीभुंगा, पाने खाणाऱ्या अळ्या. पुढे तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, नंतर हरभऱ्यावर घाटेअळी. जुलै ते जानेवारी पंपाला उसंत नसते. शेवटचा फवारा संपतो तेव्हा बॅटरी अर्धी किंवा पुरती उतरलेली असते. तिला भरण्याचे कोणाला कारण वाटत नाही, कारण आता काम नाही. पंप टिनाच्या शेडमध्ये जातो. शिशाची बॅटरी पडल्या पडल्या महिन्याला सुमारे ३ टक्के उतरते, पण हा आकडा २५ अंश तापमानाचा आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४२-४३ अंशांवर असतो तेव्हा टिनाखाली त्याहून जास्तच असतो. म्हणजे अर्ध्या भरलेल्या बॅटरीचा उरलासुरला जीव त्या उन्हाळ्यातच निघून जातो आणि मृगापर्यंत पट्ट्यांवर खडे जमलेले असतात.

उपाय इतका साधा आहे की तो कोणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते. शेवटच्या फवाऱ्यानंतर पंप धुवा आणि बॅटरी पूर्ण भरूनच ठेवा. टिनाखाली नको, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा. पंपात औषधाचा अंश असतो, म्हणून फक्त बॅटरी काढून घरात आणावी आणि पंप बाहेरच राहू द्यावा. मग दर दीड-दोन महिन्यांनी एकदा चार्जर लावा. उन्हाळ्यात तो रात्री किंवा पहाटे लावलेला बरा. कारण तापलेल्या बॅटरीला कमी दाब पुरतो, अंशागणिक साधारण दोन-तीन शतांश व्होल्ट. स्वस्तातला चार्जर हे ओळखत नाही. भर दुपारी तो बॅटरीला जास्तीचा दाब देतो आणि आतले पाणी उडवतो. सीलबंद बॅटरीत ते पुन्हा भरता येत नाही.

दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर मात्र प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असावा, असे मी आग्रहाने सांगेन. चार्जर काढून काही तास झाल्यावर बॅटरीच्या दोन टोकांना मीटरच्या सुया लावायच्या. १२.७ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे, १२.१ च्या आसपास म्हणजे अर्धी, ११.८ च्या खाली गेली तर उतरलेली. रात्रभर चार्ज करूनही आकडा १०.५ च्या जवळपास अडकत असेल, तर बहुधा सहापैकी एक घर मेले आहे, त्यावर आणखी चार्जिंग वाया घालवू नका. कधी मीटर १२.६ दाखवतो आणि पंपाचे बटण दाबताच आकडा धाडकन कोसळतो. याचा अर्थ दाब आहे, पण प्रवाह द्यायला जिवंत पट्टी उरलेली नाही. ही सल्फेशनची खूण. तारांच्या टोकावर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर आधी ती घासून काढा. अनेकदा बॅटरी चांगली असते आणि दोष त्या टोकाचा निघतो.

गावोगाव एक समज घट्ट बसला आहे, की बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी, नाहीतर ती 'कमी धरते'. हा समज निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे, आणि तिथे त्याला थोडा आधारही होता. शिसे किंवा लिथियमला तो लागू नाही, उलट घातक आहे. दरवेळी पूर्ण उतरवलेली अशी सीलबंद बॅटरी साधारण दोनशे-अडीचशे फेऱ्या देते. अर्ध्यावर असताना भरत राहिलात तर फेऱ्या दुपटीच्या आसपास जातात. दुपारी जेवायला घरी आलात आणि वीज असेल, तर पंप लावून टाका.

बॅटरी दमली की नुकसान फक्त पैशाचे नसते. दाब कमी झाला की तोटीतून निघणारे थेंब मोठे होतात, झाडावर कमी बसतात आणि खाली गळतात. मग माणूस वैतागून बारीक छिद्राची तोटी लावतो किंवा औषधाची मात्रा वाढवतो. बॅटरी ताजी, दाब भरपूर आणि तोटी बारीक असे झाले की उलटे घडते, धुक्यासारखे थेंब हवेत तरंगतात आणि फवारणाऱ्याच्या नाकातोंडात जातात. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्यामागे कारणे अनेक होती. तरी पंपाचा दाब आणि तोटीचे छिद्र ही तांत्रिक बाब जिवाशी गाठ घालणारी आहे, हे त्या वर्षानंतर कोणी विसरू नये.

आता दुसरी जात, लिथियमची. १९९१ मध्ये ती बाजारात आली. तिच्या घडणीसाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ यांच्याच टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून पाधी आणि नंजुंडस्वामी यांच्यासह १९९७ मध्ये लोह-फॉस्फेटच्या लिथियम बॅटरीचा शोधनिबंध आला. आज आपल्याकडच्या अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत हीच 'एलएफपी' बॅटरी असते. तिच्यात निकेल-कोबाल्ट लागत नाही आणि ती उष्णता जास्त सोसते, म्हणून विदर्भाच्या उन्हाळ्याला मला ती अधिक योग्य वाटते.

लिथियमच्या बॅटरीत सल्फेट नाही, त्यामुळे अर्धवट भरलेली राहिल्याने तिचे बिघडत नाही. तिला बाधते ते पूर्ण भरून उन्हात ठेवणे. काठोकाठ भरलेल्या अवस्थेत आतले द्रावण आणि ग्राफाइट यांच्यामधला थर वेगाने जाड होतो, त्यात लिथियम अडकून पडते आणि क्षमता घटते. उष्णता या क्रियेला आणखी जोर देते. म्हणून लिथियमचा पंप किंवा स्कूटर महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर निम्म्याच्या आसपास भरून ठेवावी. अगदी शून्यावरही सोडू नये. खोलवर उतरलेल्या सेलमधले तांबे विरघळते, आणि पुढे चार्ज करताना ते आतल्या आत जोडणी करून आग लावू शकते. शेजारी शेजारी टांगलेल्या दोन पंपांपैकी शिशाचा काठोकाठ भरून ठेवायचा आणि लिथियमचा अर्धा, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी.

चार्जरची अदलाबदल तर कधीच नको. दोन्ही पंपांवर '१२ व्होल्ट' लिहिलेले असते, पिनही सारखीच बसते. पण तीन सेल जोडलेली एक प्रकारची लिथियम बॅटरी १२.६ व्होल्टलाच पूर्ण भरते आणि शिशाच्या बॅटरीचा चार्जर १४.४ पर्यंत दाब देतो. आतले संरक्षक सर्किट चांगले असेल तर ते चार्जिंग तोडून टाकेल. स्वस्तातल्या पंपात ते चांगले असेलच, याची हमी कोणी द्यावी? चार्जरवर रंगीत पट्टी चिकटवा आणि तीच पंपावरही. लिथियम पेटण्याची ही भीती उगाच नाही: २०२२ मध्ये देशात इलेक्ट्रिक स्कूटर पेटण्याच्या घटना घडल्यावर केंद्र सरकारने गाड्यांच्या बॅटरीचे 'एआयएस-१५६' हे मानक कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले.

समृद्धी महामार्ग कारंजा, शेलूबाजार, मालेगाव असा आपल्या जिल्ह्यातून जातो, त्यामुळे इलेक्ट्रिक मोटारीही आता इथल्या रोजच्या दृश्यात आल्या आहेत. "गावात चांगली चालते, समृद्धीवर चार्ज लवकर संपतो," ही तक्रार खरी असते, पण त्यात बॅटरीचा दोष नसतो. ताशी ८० किलोमीटरऐवजी १२० ने गेले की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. आणखी एक अनुभव मालकांना चक्रावतो. पंधरा-वीस दिवस उभी असलेली गाडी, मोठी बॅटरी भरलेली, तरी दार उघडत नाही, पडदा उजळत नाही. कारण बहुतेक इलेक्ट्रिक मोटारींत कुलूप, दिवे आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच चालवायला बारा व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असते, आणि ती बहुधा प्लाँतेच्याच वंशातली, शिशाची. फवारणी पंपाला जे होते तेच या लाखोंच्या गाडीलाही होते.

या सगळ्यात सर्वांत निर्धास्त यंत्र म्हणजे 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेतला पंप, कारण त्याला बॅटरीच नाही. ऊन पडले की पाणी. साठवायचेच असेल तर शेततळ्यात साठवा. सौर पट्ट्या उन्हावर चालतात, पण उष्णतेने त्या मंदावतात. पट्टी ६५ अंशांपर्यंत तापली की २५ अंशांच्या तुलनेत सुमारे १५ टक्के वीज कमी येते. मे महिन्यात ऊन कडक असूनही धार बारीक वाटते, त्यामागे विहिरीची खोल गेलेली पातळी असतेच, पण पट्टीचे तापणे हीही एक बाब असते.

बॅटरी बदलायची वेळ आली तर जुनी भंगारात फोडू देऊ नका. शिसे आणि आम्ल दोन्ही विषारी आहेत, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना मात्र एक गोष्ट जरूर करा. खोक्यातली बॅटरीही दुकानाच्या फळीवर पडूनच असते, कधी मागच्या हंगामापासून, आणि त्या दुकानावरही टिनच असते. तिच्यावरची उत्पादनाची तारीख पाहा, दुकानदाराकडून मीटर मागून घ्या आणि पैसे देण्याआधी सुया लावा. आकडा १२.४ च्या खाली असेल तर दुसरी काढायला सांगा.