बालदिंडीत विठोबा कोण होणार?

आषाढी जवळ आली की आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांत, बालवाड्यांत बालदिंडीची गडबड सुरू होते. कुणाला धोतर, कुणाला नऊवारी, डोक्यावर प्लास्टिकची तुळस. फोटो छान येतात. पण तीन ते सहा वर्षांचं लेकरू त्यातून काय शिकतं?

सांगितलेलं ते विसरतं, बघितलेलं उचलतं. वारीत माणसं जात-वय न बघता एकमेकांच्या पाया पडतात. पोरांनाही तसं पडू द्या. खिदळतील, तर खिदळू द्या. मदतनीस ताईंच्या पाया पडायला मात्र विसरू नका, रोजचा खाऊ त्याच शिजवतात.

आणि विठोबा दरवर्षी पुढाऱ्याच्याच घरचा का? चिठ्ठ्या टाकाव्यात. गोरागोमटा मुलगाच हवा असं म्हणणाऱ्यांना विचारावं, बाई, पांडुरंग कुठं गोरा आहे? नवा पोशाख नाही म्हणून कुणी मागे बसू नये. कपाळी बुक्का, हातात टाळ, झालं.

ही बाब लहान नाही. मंगळवेढ्याच्या चोखोबांना जिवंतपणी देवळात जाता आलं नाही. त्यांची समाधी आजही पंढरपूरला महाद्वाराशी, नामदेव पायरीजवळ आहे. दलितांना प्रवेश मिळावा म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरातच उपोषण केलं. जे दार इतक्या उशिरा उघडलं, ते आपण चिठ्ठीवाचून पोरांसाठी पुन्हा लावायचं का?

अंगणवाडी सरकारी, सगळ्यांची. ज्या घरात रोजे धरतात किंवा विठ्ठल पुजत नाहीत, त्या आईला आधी विचारावं. ती नको म्हणाली तर रुसू नये, लेकराला बाजूलाही काढू नये. आणि ईदला तिच्या घरचा शिरखुर्मा आला तर सगळ्यांना चमचा चमचा वाटावा.

एक सवय मात्र आपण सगळ्यांनीच सोडू या. 'भात सांडलास, आता देव कान कापेल!' असं म्हटलं की पोर खरं बोलायचं सोडून सांडलेला भात चटईखाली सारतं. त्यापेक्षा हातात फडकं द्यावं. भात संगतीनं गोळा करावा आणि बाहेर चिमण्यांना टाकायला त्यालाच पाठवावं.