चौदा दिवसांचं पाणी
जालना-जिंतूर रस्त्यावरच्या देवगाव फाट्यावर उन्हाळ्यात एखाद्या घराचा स्लॅब पडतो, तेव्हा मिस्त्री दुसऱ्या दिवशी त्याच्यावर मसाल्याची आळी घालून पाणी साठवतो. खाली रिकाम्या सिमेंटच्या गोण्या पडलेल्या असतात. त्यांवर 'पीपीसी' अशी अक्षरं असतील, तर त्या घरात कोळशाची राख आहे.

परळीच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळून उडते, तीच ही जात. भारतीय मानकानुसार पीपीसीमध्ये 15 ते 35 टक्के राख चालते, म्हणजे 50 किलोच्या गोणीत जास्तीत जास्त साडेसतरा किलो. तेवढं क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होतो तो भाजलेला मूळ घटक, वाचतं. क्लिंकरसाठी चुनखडी सुमारे 1450 अंशांवर भाजावी लागते आणि निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून जास्त वायू इंधनाचा नसून चुनखडीतूनच सुटलेला असतो. म्हणून भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी प्रश्न पुरता मिटत नाही; क्लिंकरच कमी करावं लागतं.

मग घर कच्चं राहतं का? नाही, पण ते सावकाश पक्कं होतं. सिमेंट आणि पाणी एकत्र आले की घट्ट बांधणाऱ्या पदार्थाबरोबर चुनाही तयार होतो. राखेतली सिलिका त्या चुन्याशी हळूहळू जुळते आणि बारीक छिद्रं बुजवते. मानकाने तीन दिवसांनंतर 43 ग्रेडच्या साध्या सिमेंटकडून चौरस मिलिमीटरला 23 न्यूटनची ताकद मागितली आहे, पीपीसीकडून 16 ची. पुढे महिनाभर आणि त्यानंतरही राखेचं काँक्रीट ताकद कमावत राहतं. भंडारदऱ्याजवळच्या घाटघर प्रकल्पाची रोलरने दाबून बांधलेली धरणं याची साक्ष देतात. त्यांच्या मिश्रणात सिमेंटपेक्षा राखच जास्त आहे.

आता राखेच्या जोडीला भाजलेली माती आली आहे. एलसी-3 सिमेंटमध्ये क्लिंकर साधारण निम्मंच असतं. बाकी सुमारे 800 अंशांवर भाजलेली केओलिनयुक्त माती, न भाजलेली चुनखडी आणि थोडं जिप्सम. त्याचं भारतीय मानक 2023 मध्ये आलं.

परभणीच्या उन्हात मात्र खरा कस लागतो तो पाण्याचा. आयएस 456 प्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं, राखेच्या सिमेंटला दहा. कोरड्या, तापलेल्या हवेत हेच दहा आणि चौदा होतात. टँकरच्या दिवसांत चौदा दिवसांचं पाणी म्हणजे मोठा खर्च. शिवाय माल सरकावा म्हणून मिक्सरमध्ये एक बादली जास्त ओतली, तर ती उडून गेल्यावर मागे पोकळ्याच उरतात. तेच पाणी मालात न घालता दुसऱ्या दिवशी आळ्यात घालायला हवं. स्लॅबखालचे टेकूही साध्या सिमेंटच्या हिशेबाने घाईने काढता येत नाहीत; कॉलमला ओलं बारदान गुंडाळून ते संध्याकाळी पुन्हा भिजवावं लागतं.