वंशवृक्षांतील गांवांची नोंद

वंशावळ म्हटली म्हणजे पूर्वजांच्या नांवांकडे सर्वांचें लक्ष जातें. ते जेथें जन्मले त्या गांवाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. हल्लीं घरोघरीं तरुण मंडळी संगणकावर वंशवृक्ष रचूं लागली आहेत, म्हणून याविषयीं दोन शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

मालवणचेंच उदाहरण घ्या. १९३२ सालीं तेथें जन्मलेल्या मनुष्याचा जिल्हा रत्नागिरी व इलाखा मुंबई. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें आणि १९८१ सालीं मालवण नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत गेलें. गांव जागचें हाललें नाहीं. पत्ता तेवढा पालटला. पण काका ‘रत्नागिरी’ लिहितात, पुतणी ‘सिंधुदुर्ग’ लिहिते, आणि संगणक एका मालवणचीं दोन गांवें करून ठेवतो!

यावर उपाय आहे. ‘ग्रॅम्प्स’ नामक विनामूल्य आज्ञावलींत गांवाची नोंद एकच ठेवून तें कोणत्या काळीं कोणत्या जिल्ह्यांत होतें हें तारखांसह लिहितां येतें. जुनीं नांवेंही जोडतां येतात, व दुहेरी नोंदी एकत्र करतां येतात. मात्र तत्पूर्वीं अक्षांश-रेखांश अवश्य ताडून पाहावे. कारण वडगांव, पिंपळगांव हीं नांवें महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं आढळतात.

जुनें नांव खोडून नवें लिहिणें ही सुधारणा नव्हे. जुने दस्तऐवज जुन्याच नांवानें बोलतात. तें नांव पुसलें तर नातवंडांनीं ते शोधावे कोठें? म्हणून घरांतील वडीलधारीं माणसें आहेत तोंवरच त्यांना विचारून घ्यावें : आपलें गांव तेव्हां कोणत्या तालुक्यांत होतें?